बरोबरच्या खुणांची ओळ

ई. कोलायच्या टाइप स्ट्रेनची, म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीच्यांना ते नाव द्यायचं त्या मूळ वाणाची, नोंद उघडली की अशी ओळ भेटते:

यू ५/४१ = डीएसएम ३००८३ = एटीसीसी ११७७५ = एनसीटीसी ९००१ = सीआयपी ५४.८ = जेसीएम १६४९

वखारीतल्या मालाची यादीच वाटावी. मी मात्र ती सावकाश वाचतो, प्रत्येक बरोबरच्या खुणेपाशी थांबत.

'यू ५/४१' हे जन्मनाव. १९४१ साली कोपनहेगनमध्ये, मूत्राशयाच्या दाहाने आजारी असलेल्या कुणाच्या तरी लघवीतून हा जीवाणू वेगळा केला. शहर तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. ओळीत त्या युद्धाचा मागमूस नाही आणि रुग्णाचाही नाही. उरला तो जंतू. पुढचे सगळे आकडे म्हणजे सासरची, जीवाणू जपणाऱ्या संग्रहांनी दिलेली नावं: ब्राउनश्वाइग, अमेरिका, इंग्लंड, पॅरिस, जपान. दारात नळी आली की प्रत्येक संग्रहाने आपल्या वहीतला पुढचा क्रमांक तिच्यावर चिकटवला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने क्रमांकातच साल गुंफलं, १९५४ चं ५४. ही मला सगळ्यांत देखणी पद्धत वाटते.

पण यातूनच घोळ झाला. एकाने जेसीएम क्रमांक लिहून वाढीचं तापमान मोजलं, दुसऱ्याने एटीसीसी क्रमांकाखाली जनुकक्रम जमा केला. माणसाला ओळख पटेल. संगणकाच्या लेखी हे दोन अनोळखी जीव. 'डीएसएम' आणि आकडा यांच्यामधली मोकळी जागा गाळली तरी तो बिचकतो. हे क्रमांक एकमेकांशी जुळवण्याचं चिकाटीचं काम बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 'स्ट्रेनइन्फो' या माहितीकोशाने केलं. आता 'स्ट्रेनइन्फो' ब्राउनश्वाइगच्या डीएसएमझेड संस्थेत, 'बॅकडाइव्ह' या जीवाणूंच्या माहितीकोशाच्या शेजारी नांदतो. ओळ एकदा जुळली की तापमान, जनुकक्रम आणि मूळ गाव एकाच पानावर येतात.

तरी ही बरोबरची खूण गणितातली नव्हे. नळी टपालाने गेली, पुन्हा वाढवली, गोठवून वाळवली; प्रत्येक पिढीत जनुकक्रमातलं एखादं अक्षर बदलण्याची शक्यता आहेच, आणि लेबलं चिकटवणारे हातही माणसांचेच. म्हणून इथे '=' चा अर्थ 'तोच' असा न घेता 'त्याच्याच वंशातला' असा घ्यावा. कुळवृत्तांतातली रेघ जशी. तिथेही चुकीच्या घरात नोंदलेले सापडतातच, आणि ते शोधून काढणाऱ्याचं कुणी नाव घेत नाही.

आता दुसरी, खूपच आखूड ओळ:

एलडब्ल्यू१ = केसीटीसी २२६०४ = सीसीयूजी ५७४७९

हा इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस, बुलढाण्यातल्या लोणार सरोवरातला जीवाणू. दुसरा क्रमांक कोरियातला, तिसरा स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा. दोन्ही थंडीचे मुलुख. तिथे हा लोणारचा रहिवासी गोठवलेल्या नळीत पडून आहे.