हस्तिदंतावरील चेहरा आणि त्याचे नाव

भालकीकडील एका जुन्या वाड्यात हस्तिदंतावर रंगविलेले एक लघुचित्र आम्हांस पाहावयास मिळाले. तळहातात मावेल एवढी लंबगोल चकती आणि तीवर रत्नजडित शिरोभूषण ल्यालेली एक तरुण खानदानी स्त्री. घरची मंडळी तिला 'चांदबीबी' म्हणतात.

चित्र देखणे आहे, यात शंका नाही. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंग बारीक ठिपक्यांनी बसवितात; तो विरळ ठेवला की खालच्या दंताची झळाळीच कांती होऊन येते. या चित्रातील गाल तसेच उजळले आहेत. मोत्यांच्या सरींवर मात्र चित्रकाराने इतके कष्ट घेतले आहेत की चेहऱ्याआधी नजर दागिन्यांवरच जाते.

तथापि नावाचा प्रश्न उरतो. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही कन्या विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण गेला. १५९५-९६ च्या वेढ्यात तिने अहमदनगर मोगलांविरुद्ध लढविले. १६०० मध्ये तिचा अंत झाला. हस्तिदंतावरील लघुचित्रांची रीत युरोपात १७०० च्या सुमारास रुजली व इकडे कंपनीच्या काळात आली. पुढे एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चितारी नूरजहान, मुमताज अशा नावांची चित्रे प्रवाशांसाठी करू लागले. तेव्हा हा चेहरा प्रत्यक्ष पाहून काढलेला असणे शक्य नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील चांदबीबीचे दख्खनी चित्रही १७०० च्या सुमाराचेच, म्हणजे तिच्यामागून शतकाने काढलेले. परंतु तेथे ती हाती ससाणा घेऊन घोड्यावर स्वार आहे. तिचा स्वभाव त्या चित्रात उतरला आहे. वाड्यातील तरुणी नुसती नटून बसली आहे. तिला कोणत्याही बेगमेचे नाव चालेल, हाच या चित्राचा मोठा उणेपणा होय.

घरातील वृद्ध आजींना आम्ही हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आमच्या पोरींना तिची गोष्ट काय दाखवून सांगायची?" या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. अखेर सरकारी नोकरीतील जुनी सवय कामी आली. चित्रामागे 'घराण्यात चांदबीबी म्हणून मानलेले चित्र' अशी चिठ्ठी लावावी, असे आम्ही सुचविले. गोष्ट खरी आहे. ती सांगण्यासाठी चेहरा खरा ठरविण्याची गरज नाही.