‘आर’मधील अवकाशीय माहितीचे रूपांतर व गुणधर्मांचे जतन : एक चिकित्सा

नकाशातील आकृती आणि तिच्याविषयीची माहिती यांचा संबंध टिकला, तरच अवकाशीय माहितीला अर्थ राहतो. ‘आर’ या संगणकीय भाषेतील रूपांतराची साधने तपासताना मात्र बहुधा आकृती शाबूत राहिली की नाही, एवढेच पाहिले जाते. ही कसोटी अपुरी आहे.

२००५ मधील ‘एसपी’ या पॅकेजने आकृती एका कप्प्यात व गुणधर्मांचा तक्ता दुसऱ्या कप्प्यात ठेवला. ‘स्पेशलपॉलिगॉन्स’ या वर्गात रूपांतर केल्यास तक्ता गळून पडतो. परंतु हा दोष उघड असल्याने तितकासा घातक नाही. खरा धोका तक्ता टिकून चुकीच्या आकृतीला चिकटण्यात आहे. आतील तक्त्यावर थेट ‘मर्ज’ चालविल्यास ओळींचा क्रम बदलू शकतो, आकृत्यांचा मात्र तोच राहतो. नकाशा निर्दोष दिसतो आणि एका जिल्ह्याचे आकडे दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. ओळख-क्रमांक जुळत नसल्याची त्रुटी आली की ‘मॅच.आयडी’ बंद करण्याची पळवाट तर सूचनेचेच तोंड बंद करते.

२०१६ मध्ये आलेल्या, एडझर पेबेस्मा यांच्या ‘एसएफ’ने आकृतीलाच तक्त्यातील एक स्तंभ केले. ओळ हलली की आकृतीही तिच्यासोबत हलते, हे या रचनेचे मोठे श्रेय होय. तथापि फाईलच्या मर्यादा पॅकेजला ओलांडता येत नाहीत. शेपफाईलचा तक्ता डीबेस पद्धतीचा असल्याने स्तंभनावास १० बाइटच मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे ‘लोकसंख्या’पैकी ‘लोक’ एवढेच त्यात मावेल! जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न अर्थाचा आहे. ‘एसएफ’सोबत मिळणाऱ्या नॉर्थ कॅरोलायनाच्या १०० काउंटींच्या नमुना-माहितीत अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंचा ‘एसआयडी७४’ हा स्तंभ आहे. छेदनक्रियेने एखाद्या काउंटीचे दोन तुकडे केल्यास दोहोंना मूळची संपूर्ण संख्या मिळते व बेरीज दुप्पट होते. पॅकेज तशी सूचना देते. ती सवयीने दुर्लक्षिली जाते. मूल्य एकत्रित स्वरूपाचे आहे, असे नोंदविणारी ‘एजीआर’ ही सोय त्यात आहे खरी. पण शेपफाईलमध्ये लिहून पुन्हा वाचल्यावर ती नोंद उरत नाही.