माळरान, वृक्षारोपण आणि वाङ्मयीन पुरावा

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत पसरलेली माळराने मूळची अरण्येच होती आणि कुऱ्हाड व गुरे यांच्यामुळे ती उजाड झाली, अशी समजूत दीर्घकाळ रूढ आहे. ती एकदा मान्य केली की वृक्षारोपण हाच भूमीच्या पुनरुज्जीवनाचा एकमेव मार्ग ठरतो. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला होता. एवढ्या प्रमाणावर भूमीचे रूप पालटावयाचे असेल, तर या समजुतीची चिकित्सा केवळ पंडिती राहत नाही.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती केली आहे. तेराव्या ते विसाव्या शतकांतील मराठी वाङ्मय व मौखिक परंपरा तपासून त्यांनी माळरानाचे २८ स्थलनिष्ठ उल्लेख निवडले. त्यांत आढळलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश माळरानाच्या आहेत. यावरून हा प्रदेश निदान सातशे वर्षे विरळ झाडांचा व गवताचाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या पुराव्याचे बळ त्याच्या सहजतेत आहे. चरित्रकाराला वा ओवी गाणाऱ्याला वनस्पतींची नोंद करावयाची नव्हती. झाड कथेत आले ते प्रसंगाच्या ओघात. पंढरपुरास कान्होपात्रेच्या कथेशी निगडित असलेले झाड तरटीचे, म्हणजे कोरड्या, उघड्या रानातील काटेरी झाड आहे. अशी साक्ष हेतुपूर्वक रचलेली नसल्याने अधिक विश्वसनीय ठरते.

तथापि तिला मर्यादाही आहेत. ‘रान’ हा शब्द मराठीत अरण्याला लागतो, तसाच शेताला आणि माळालाही लागतो. केवळ शब्दावरून भूरूप ठरविता येत नाही. वनस्पतींच्या नावांवर भर दिल्याने ही अडचण बरीचशी टळते. शिवाय संतांची आणि धनगरांची वाट वस्ती, नदीकाठ आणि कुरणे यांतूनच जात असल्यामुळे, आडबाजूच्या भूमीविषयी हे वाङ्मय स्वाभाविकपणेच कमी बोलते.

याहून महत्त्वाचा प्रश्न निष्कर्षानंतरचा आहे. पूर्वी काय होते हे कळल्याने पुढे काय करावे हे आपोआप ठरत नाही. माळावर अनेक इष्ट हेतू एकमेकांसमोर उभे राहतात. हवेतील कर्ब साठविण्यासाठी दाट झाडी हवीशी वाटते. पण अशी झाडी कोरड्या प्रदेशात जमिनीतील पाणी अधिक शोषते, आणि गवताळ भूमीही मुळांत व मातीत कर्ब राखतेच. माळढोक जमिनीवर अंडे घालतो आणि त्याला दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे रान लागते. सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. २०११ पासून तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. त्याच्या अधिवासात सरसकट झाडी वाढविणे म्हणजे एका हेतूसाठी दुसऱ्याचा बळी देणे होय. उलट गवतासाठी कायमची चराईबंदी केली, तर ज्यांच्या ओव्यांतून हा पुरावा मिळाला त्या धनगरांनाच ती भूमी बंद होते.

इतिहास या हेतूंची उतरंड लावून देऊ शकत नाही. तो एवढेच करू शकतो की माळावरील दाट लागवडीला ‘पुनरुज्जीवन’ हे नाव घेण्याचा अधिकार उरू देत नाही. तेथे झाडे लावावयाचीच असतील, तर तो भूमीचा नवा उपयोग आहे हे मान्य करावे लागेल आणि त्यात पाणी, पक्षी व चराई यांची होणारी हानी मांडावी लागेल. घाटमाथ्यावर अरण्य, ओढ्याकाठी झाडी, माळावर गवत आणि पाळीपाळीने चराई असा स्थलपरत्वे विवेकच येथे युक्त होय. सर्वत्र एकच मापदंड लावणाऱ्या संकल्पांत त्याचाच अभाव दिसतो. जुन्या वाङ्मयाची ही साक्ष त्या विवेकाची सुरुवात म्हणून मोलाची आहे. अंतिम निर्णयाचा भार मात्र तिच्यावर टाकणे योग्य ठरणार नाही.