सागवान आणि देखावा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक बंदर आहे. लंडनला गेलेला आपला प्रवासी सहसा तिकडे वळत नाहीं. ग्रीनिच आणि पोर्टस्मथ येथील भव्य संग्रहालयें पाहिलीं कीं इंग्रजांच्या दर्यावर्दीपणाची पुरेशी ओळख झाली, असें समजून तो परत फिरतो. तथापि मुंबईच्या मनुष्यानें एक वेळ ग्रीनिच टाळावें, पण हार्टलपूल टाळूं नये, असें आम्हांस वाटतें. तेथील लहानशा नाविक संग्रहालयाच्या धक्क्यास 'ट्रिंकोमाली' ही तीन डोलकाठ्यांची जुनी युद्धनौका बांधलेली आहे. ब्रिटनमध्यें अद्याप पाण्यावर तरंगत असलेल्या युद्धनौकांत ती सर्वांत वयोवृद्ध होय. आणि तिचा जन्म मुंबईचा आहे.

ती मुंबईस कां बांधली गेली, याचें उत्तर लांकडांत आहे. नेपोलियनशीं चाललेल्या दीर्घ युद्धामुळें इंग्लंडांत ओकचा तुटवडा पडला होता, आणि मुंबईच्या गोदींत मलबारचें सागवान येत होतें. शिवाय त्या गोदींत वाडिया घराणें होतें. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून जहाजें बांधण्याचें काम या घराण्यांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेलें. त्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं १८१० सालीं 'मिंडेन' हें ७४ तोफांचें जहाज ब्रिटिश आरमारास बांधून दिलें. ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ सालीं चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, तेंहि त्यांच्याच हातचें. 'ट्रिंकोमाली'ची मागणी १८१२ सालीं झाली. परंतु तिचे आराखडे घेऊन निघालेलें 'जावा' हें जहाज त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनीं जिंकून जाळून टाकलें, आणि आराखडे पुन्हां मागवावे लागले. अखेर १८१६ सालीं काम सुरू झालें. पारशी रीतीस अनुसरून जमशेटजींनीं जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईंत रुप्याचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं नौका पाण्यांत उतरली. खर्च सुमारें २३,००० पौंड आला.

इतकी हकीकत मनाशीं घेऊन जो प्रेक्षक धक्क्यावर येतो, त्याला तेथें एक नव्हे, दोन संग्रहालयें भेटतात. पहिलें धक्क्याभोंवतीं आहे. अठराव्या शतकांतील बंदराचा एक रस्ताच तेथें उभा केलेला असून शिंपी, बंदुका करणारा, तरवारी घडविणारा, नाविक उपकरणें विकणारा अशा एकेकाचें दुकान आंतील पुतळ्यांसह पाहावयास मिळतें. हीं दुकानें आम्हांस आवडलीं. जहाज म्हणजे केवळ खलाशी आणि शिडें नव्हेत, त्याच्यामागें एक सबंध बाजारपेठ असते, हें तीं न बोलतां सांगतात. पण तेथेंच पुढें एका काल्पनिक युद्धनौकेवरील लढाईचा देखावा मांडलेला आम्हीं पाहिला. अंधार, तोफांचे आवाज, ओरडणारे अधिकारी, विव्हळणारे जखमी. मुलांना यांत मौज वाटते, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. हा देखावा पाहून तापलेल्या डोक्यानें प्रेक्षक जेव्हां खऱ्या नौकेवर चढतो, तेव्हां त्याला ती मुकी वाटूं लागते. तोफांच्या मजल्यावर आमच्या पुढें चाललेल्या एका मुलानें बापाला विचारलें, "हिनें कोणती लढाई जिंकली?" बाप बराच वेळ शोधक नजरेनें इकडे तिकडे पाहत राहिला.

त्याला उत्तर सांपडण्यासारखें नव्हतें. 'ट्रिंकोमाली' १८१९ सालीं पोर्टस्मथला पोंचली, त्यापूर्वीच युद्ध संपलें होतें. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती राखीव नौकांत नुसती पडून राहिली. १८४५ च्या सुमारास तोफा कमी करून ती कामास लावण्यांत आली, तेव्हां प्रथम वेस्ट इंडीज व उत्तर अमेरिका, आणि नंतर १८५२ पासून १८५७ पर्यंत पॅसिफिक महासागर, अशा दोन सफरी तिनें केल्या. नामांकित लढाई एकहि नाहीं. पुढचें सारें आयुष्य शिकवण्यांत गेलें. १८९७ सालीं ती मोडीत निघाली असतां कॉब नांवाच्या गृहस्थानें विकत घेतली, आपल्या बुडालेल्या एका जहाजाच्या स्मरणार्थ तिचें नांव 'फूद्रॉयां' असें बदललें, आणि १९८६ सालापर्यंत मुलांमुलींना समुद्राचे धडे देणारी शाळा म्हणून ती नांदली. शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्या संग्रहालयास हें चरित्र अडचणीचें वाटत असावें. आम्हांस मात्र तेंच तिचें खरें वैभव वाटतें. लढलेलीं पुष्कळ जहाजें बुडालीं किंवा मोडलीं गेलीं. ही कामास येत राहिली म्हणून वांचली.

आणि लांकडामुळें वांचली. ओकमधील आम्ल लोखंडाच्या खिळ्यांस खातें, उलट सागवानांतील तेल त्यांचें रक्षण करतें, हें जहाजबांधणी जाणणाऱ्यांस ठाऊक असलेलें सत्य येथें हातानें चाचपून पाहतां येतें. १९९० पासून २००१ पर्यंत हार्टलपूलमध्यें तिचा जीर्णोद्धार झाला, तरी निम्म्याहून अधिक लांकूड मूळचेंच राहिलें. याच नमुन्याची 'युनिकॉर्न' ही नौका स्कॉटलंडांत डंडी येथें आहे. ती १८२४ सालीं पाण्यांत उतरतांच तिच्यावर छप्पर घालून ती राखून ठेवण्यांत आली. डोलकाठ्या व शिडें घेऊन ती समुद्रावर कधीं गेलीच नाहीं. एक घरांत जपलेली, दुसरी वाऱ्यापावसांत राबलेली. दोघींना एकामागून एक पाहण्याचा योग ज्यास येईल त्यानें तो दवडूं नये.

नौकेंत उतरल्यावर खरा अनुभव मानेला येतो. खलाशांच्या राहण्याच्या मजल्यावर छत इतकें ठेंगणें आहे कीं मध्यम उंचीच्या मनुष्यासहि वांकून चालावें लागतें. जेवणाचीं मेजें आणि निजण्याच्या झोळ्या यांच्यांतलें अंतर आपण डोळ्यांनीं नव्हे, पाठीच्या कण्यानें मोजतों. कप्तानाच्या दालनांत शिरल्यावर एकदम ताठ उभें राहतां येतें. आरमारांतील उच्चनीचपणा समजावून सांगण्यास याहून चांगली पाटी कोणी लिहिली नसेल. तोफांचे ध्वनिमुद्रित आवाज हें करूं शकत नाहींत. नाळेवर फेटेवाल्या हिंदी पुरुषाचा रंगीत अर्धपुतळा आहे. त्याच्यापुढें आम्ही बराच वेळ उभे होतों. जमशेटजींचें नांव इतिहासानें राखलें. परंतु तुळया ओढणारे, करवतीवर राबणारे, फटींत काथ्या ठोकणारे जे शेंकडों हात मुंबईच्या उन्हांत या नौकेवर झिजले असतील, त्यांची जात, गांव, मजुरी यांविषयीं प्रेक्षकाचें कुतूहल जागें करणारें एक दालन जर येथें झालें, तर लढाईच्या देखाव्याहून तें अधिक काळ लक्षांत राहील.

मात्र ही मागणी हार्टलपूलकडे करतांना आपली मान खालीं जाते. ज्या मुंबईच्या गोदींत ही नौका बांधली, ती आज नौदलाच्या आवारांत असून सामान्य प्रेक्षकास तेथें सहज प्रवेश नाहीं. याच बंदरांत 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २००१ सालीं संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली. हिनें तर १९७१ सालचें युद्ध पाहिलेलें होतें. पण २०१२ सालीं ती सुरक्षित नाहीं म्हणून बंद करण्यांत आली, आणि २०१४ सालीं तिच्या पोलादाची मोड सुरू झाली. अकरा वर्षांत जीं मुलें तिच्यावर चढलीं, त्यांना आतां दाखवावयास छायाचित्रें उरलीं आहेत. एवढें प्रचंड जहाज संभाळणें खर्चाचें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जुन्या सुक्या गोदीच्या पायऱ्या संभाळण्यास तितका खर्च येत नाहीं. वर्षांतून ठराविक चार दिवस तरी शाळांच्या मुलांस त्या पायऱ्यांवर नेऊन, येथें सागवान कसें उतरत असे, आणि येथील कारागिरांची एक नौका अजून उत्तर समुद्राच्या कांठीं कशी तरंगते आहे, हें सांगण्याची व्यवस्था नौदलानें करावी, अशी आमची विनंती आहे.