मेलाटोनिनची गोळी आणि बारावा महिना

(वारणानगर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय तीन शब्दांचा आहे : किडनी, झोप आणि मेलाटोनिन. समोर शेतकरी आहेत, कारखान्यात पाळीनं काम करणारे आहेत, फार्मसीची मुलंमुली आहेत, आणि ज्यांच्या घरात डायलिसिस चालू आहे अशीही माणसं असणार. म्हणून मी औषधाची माहिती सांगत बसणार नाही, ती कुठंही मिळते. मला या विषयावरच्या संशोधनाची समीक्षा करायची आहे. नाटक पाहून आल्यावर आपण विचारतो ना, पहिला अंक रंगला, पण शेवटाचं काय? तसंच विचारायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे संशोधन प्रामाणिकपणे झालेलं आहे. गडबड आपल्या वाचण्यात आहे. आपण ते सहाव्या आठवड्यापर्यंत वाचतो आणि बाराव्या महिन्याचं पान उलटतच नाही.

आता मेलाटोनिन म्हणजे काय, ते थोडक्यात. मेंदूच्या मध्यभागी पिनियल नावाची वाटाण्याएवढीसुद्धा नसलेली ग्रंथी आहे. अंधार पडला की ती हे संप्रेरक सोडायला लागते, आणि शरीराला कळतं की रात्र झाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी १९५८ साली ते वेगळं काढलं. गंमत बघा, लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांना कातडीच्या रंगाचं कोडं सोडवायचं होतं, झोपेचं नव्हे. यकृत मेलाटोनिनचं रूप बदलतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ते तयार होणं मंदावतं.

किडनीशी याचा संबंध काय? नेदरलँड्समधल्या बिर्गिट कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नेटानं धरला. २०१० साली त्यांनी दाखवलं की किडनीचं काम जसजसं कमी होत जातं, तसतशी रात्रीची मेलाटोनिनची लाट बसत जाते. इथून पुढचा विचार कुणालाही सुचेल. लाट बसली, झोप गेली. तर बाहेरून मेलाटोनिन द्या, झोप परत येईल. विचार सरळ आहे. पण वैद्यकात सरळ विचारालासुद्धा परीक्षेला बसावं लागतं.

ती परीक्षा याच गटानं आधी घेतली होती, २००९ साली. दिवसा डायलिसिस होणारे, झोपेची तक्रार असणारे रुग्ण घेतले. रात्री दहाला ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, किंवा हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. तिला प्लासिबो म्हणतात. प्रत्येकाला दोन्ही गोळ्या सहा सहा आठवडे दिल्या. कुठली कधी चालू आहे हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. वीस जणांनी ही चाचणी पूर्ण केली.

निकाल असा. झोप लागायला प्लासिबोवर साधारण ४४ मिनिटं लागत होती, मेलाटोनिनवर १५ मिनिटं. ऐकायला किती छान! बातमी याच आकड्याची होते. पण त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. प्रत्यक्ष झोपेचा वेळ ३७६ मिनिटांवरून ३८८ मिनिटांवर गेला. म्हणजे डोळा अर्धा तास लवकर लागला, आणि रात्रभराची झोप वाढली बारा मिनिटांनी. झोप कमी तुटली हेही खरं, आणि तो फायदा छोटा नाही. पण पाठ टेकली की डोळा लागला आणि सकाळी अंग हलकं झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला दुसरी हवी असते.

याच गटानं मग पुढची चाचणी केली, आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. आपल्याच चांगल्या निकालाला आव्हान देणारे संशोधक फार नसतात. ही चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. ६७ रुग्ण, तीच मात्रा, पण सहा आठवड्यांऐवजी बारा महिने. आणि मुख्य प्रश्न बदलला. यावेळी विचारलं : माणसाला तरतरी वाटते का? जगण्यात उमेद आली का?

तिसऱ्या महिन्यात, डायलिसिसच्या दिवशी, मेलाटोनिनवाले प्लासिबोवाल्यांपेक्षा ४९ मिनिटं जास्त झोपत होते. इथं पुस्तक मिटलं असतं तर टाळ्याच. बाराव्या महिन्यात मात्र दोन्ही गटांच्या झोपेत दखल घेण्याजोगा फरक उरला नाही. आणि तरतरी? ती वाढल्याचं दिसलंच नाही.

आता खरी गोम ऐका. सहाव्या महिन्यात रुग्णांची लाळ तपासली, तेव्हा मेलाटोनिन भरपूर वाढलेलं होतं. म्हणजे गोळी अंगाला लागत होती. रक्तात चंद्र उगवला होता म्हणा ना, पण झोपेची भरती ओसरत चालली होती. मेलाटोनिन कमी म्हणून झोप कमी, एवढंच सगळं असतं तर असं झालं नसतं.

या चाचणीतही उणिवा आहेत. ६७ पैकी ४२ जणांनीच ती पूर्ण केली. संशोधकांनी स्वतःच लिहिलं आहे की गळती मोठी असल्यानं निष्कर्षाचा जोर कमी होतो. वर्षभरात डायलिसिसच्या रुग्णाचं काय काय होऊ शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला किडनी मिळते, कुणी दवाखान्यात भरती होतं, कुणी गोळ्यांना कंटाळतं, कुणी जग सोडून जातं. उरलेल्यांचीच झोप मोजली जाते. तेव्हा मेलाटोनिन निरुपयोगी ठरलं असं मी म्हणणार नाही. वर्षभर उपयोगी पडतं हे सिद्ध झालेलं नाही, एवढंच म्हणेन.

दुसरी उणीव मोजमापाची. झोप मोजली ती मनगटावर बांधलेल्या, हालचाल टिपणाऱ्या यंत्रानं. हात हलला नाही की यंत्र लिहितं : झोपला. आता डायलिसिसवरून आलेला थकलेला माणूस आठवा. डोळे टक्क उघडे, नजर आढ्याकडे, आणि अंगात हलायची ताकद नाही. यंत्र त्याला गाढ झोपेत धरतं.

प्लासिबोचं महत्त्व किती, ते आणखी एका चाचणीत दिसतं. अमेरिकेत डायलिसिसच्या १२६ निद्रानाशी रुग्णांचे तीन गट केले. एकाला दूरसंवादानं झोपेच्या सवयी बदलण्याचं समुपदेशन, दुसऱ्याला ट्रॅझोडोन हे औषध, तिसऱ्याला प्लासिबो. २०२४ साली निकाल आला. तिन्ही गटांची झोप सुधारली, आणि जवळपास सारखीच. शिवाय ट्रॅझोडोनच्या गटात हृदयाचे गंभीर त्रास जास्त दिसले. प्लासिबोचा गट नसता तर दोन्ही उपचारांचा जयजयकार झाला असता. म्हणून ‘मी घेतली आणि मला गुण आला’ हे वाक्य खरं असूनही पुरावा ठरत नाही. तुम्ही हसताय, पण हे वाक्य आपण रोज ऐकतो.

मग या रुग्णांची झोप जाते कुठं? अंगाला खाज सुटते. पाय रात्री वळवळतात, स्वस्थ राहू देत नाहीत. पोटऱ्यांत गोळे येतात. झोपेत श्वास अडकतो. मोजून पाणी प्यायचं म्हणून घसा कोरडा. डायलिसिसच्या खुर्चीत दुपारी डुलकी लागते आणि रात्र मोकळी राहते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, त्या मेलाटोनिन कमी करतात. कृपा करून त्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि या सगळ्यावर घरचा घोर. या यादीत मेलाटोनिन एक ओळ आहे. संशोधनानं त्या ओळीवर बोट ठेवलं, कारण ती ओळ गोळीत बसते.

याच्या उलट बाजूनं एक काम झालं आहे. २००१ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी चौदा रुग्णांना नेहमीच्या आठवड्यातून तीनदा चार तासांच्या डायलिसिसवरून रात्रभर, जवळजवळ रोज, घरी झोपेत चालणाऱ्या डायलिसिसवर नेलं. झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला सरासरी २५ वेळांवरून ८ वर आलं. झोपेचं कुठलंही औषध न देता! रक्त जास्त चांगलं शुद्ध झालं आणि झोप सुधारली. रुग्ण चौदाच होते, हे इथंही विसरायचं नाही. पण प्रश्न किती वेगळा विचारला बघा : रुग्णाला काय कमी आहे, याऐवजी उपचार कुठं कमी पडतोय?

आपल्याकडं हा प्रश्न आणखी टोचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि त्यानं हजारो घरं सावरली. पण गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला येणाऱ्याचा दिवस, हे कुठल्या योजनेत बसतं? तीनच्या जागी दोनच वेळा डायलिसिस करून घेणारे रुग्ण आपल्या देशात कमी नाहीत. अशा माणसाला झोप येत नाही म्हटल्यावर आधी गोळी सुचवायची, की आठवड्यातली तिसरी खेप कशी जमेल ते बघायचं?

उजेडाचं आणि रात्रीचं नातंही इथं वेगळं आहे. नेदरलँड्सच्या चाचणीतला रुग्ण रात्री दहाला गोळी घेऊन आडवा होतो. आपल्याकडं दहाला शेतीची वीज येते, आणि माणूस बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणसमोर धरणं धरलं. मागणी काय होती? शेतीला दिवसा दहा तास वीज द्या. सापाचं, गव्याचं भय हे कारण होतंच. माझ्या मते ती झोपेचीही मागणी होती. रात्रीच्या जागरणानं किडनी बिघडते असा निष्कर्ष मात्र यातून काढू नका. अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत कमी झोप आणि किडनीची वेगानं होणारी घसरण एकत्र आढळली, हे खरं. पण दोन गोष्टी एकत्र आढळणं आणि एकीमुळं दुसरी होणं यात अंतर असतं.

शेवटचा मुद्दा दुकानातल्या बाटलीचा. चाचणीत मोजून ३ मिलिग्रॅम होतं. बाजारात मेलाटोनिन चघळायच्या गोड गोळ्यांतही मिळतं. २०२३ साली अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली. २२ उत्पादनांवर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं. कुठं लिहिल्याच्या तीन चतुर्थांश, कुठं साडेतीनपट, आणि एकात तर मेलाटोनिन नव्हतंच. किडनीच्या रुग्णाचं पाणीसुद्धा मोजून असतं. त्यानं न मोजलेलं औषध का घ्यावं?

तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर ‘किडनीच्या रुग्णांना गाढ झोप देणारा उपाय’ असं काही आलं, तर चार गोष्टी विचारा. किती माणसांवर पाहिलं? किती दिवस? प्लासिबोचा गट होता का? आणि मोजलं काय, यंत्रावरची मिनिटं की माणसाची उमेद? आणि घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगा की यांना झोप नाही. खाज, पाय, घोरणं, दुपारची डुलकी, सगळं सांगा. घोरण्याचं तर घरच्यांनीच सांगायला हवं, कारण ते रुग्णाला स्वतःला ऐकू येत नाही.