एका भट्टीचे तीन पेले

व्हिस्की शिकायची आहे, कुठली बाटली घेऊ, असं नवशिक्यानं विचारलं की जाणकार मंडळी एक नाव सांगून मोकळी होतात. कुणी ग्लेनलिव्हेट सांगतो, कुणी जेमसन, कुणी घरची रीत म्हणून ब्लॅक लेबल. यातलं एकही नाव वाईट नाही. पण एकच बाटली घेऊन बसलेल्या माणसाला फार तर ती आवडली की नाही एवढं कळतं. तिच्यात काय आहे ते कळत नाही. जिभेला मोजमाप येत नाही, तुलना येते. म्हणून माझं उत्तर तीन बाटल्यांचं आहे, आणि त्या तिन्ही एकाच भट्टीतल्या असाव्यात असा आग्रह आहे.

अशी त्रयी आपल्या शेजारीच तयार होते. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. 'ओरिजिनल चॉइस' ही खपाची व्हिस्की विकून मोठ्या झालेल्या या कंपनीनं २०१२ साली लंडनमध्ये 'पॉल जॉन' या नावानं आपली सिंगल माल्ट बाजारात उतरवली. तिच्या नेहमीच्या तीन बाटल्या म्हणजे ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. तिन्हींचा कच्चा माल भारतीय जव. तिन्ही तांब्याच्या भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन केलेल्या, तिन्ही अमेरिकन बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरलेल्या, तिन्ही ४६ टक्के तीव्रतेच्या. फरक आहे तो धुराचा. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा आहे, बोल्डमध्ये भरपूर. बाकी सगळं जवळपास स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची, याहून चांगला पहिला धडा मला सुचत नाही.

धड्याआधी थोडी जुनी सवय मोडावी लागते. आपल्याकडे बहुतेकांची पहिली व्हिस्की ही मळीची असते. साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीपासून जवळजवळ निर्गंध अल्कोहोल काढायचं, त्यात थोडा माल्ट मिसळायचा, रंग-सुवासाची जुळवाजुळव करायची, अशी ही कृती. युरोपीय संघाच्या कायद्यानं व्हिस्की धान्याचीच असावी लागते. तिथे या पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आपल्याला मात्र ते सोडा, बर्फ आणि मसाला शेंगदाण्यांसह प्यायची सवय लागते. त्यात नाकाला कामच नसतं. 'एकदम स्मूथ आहे' ही त्या बैठकीतली सर्वोच्च दाद. घसा जळला नाही, एवढीच माहिती तिच्यातून मिळते.

तेव्हा या बैठकीत बर्फ नको, सोडा नको, आणि चकणा सगळं संपल्यावर. बर्फानं पेला गार होतो, गार पेल्यातून वास उठत नाही, आणि व्हिस्कीची बरीचशी चव खरं तर वासच असते. पेला खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. २००१ साली स्कॉटलंडमध्ये आलेला ग्लेनकेर्न पेला यासाठीच घडवला गेला. तो नसेल तर निमुळत्या तोंडाचा वाइनचा छोटा ग्लासही चालतो. प्रत्येक पेल्यात १५ मिली पुरे, म्हणजे स्मॉल पेगचा अर्धा. तिन्ही मिळून दीड स्मॉल पेग होतो. शेजारी साधं पाणी आणि एक चमचा ठेवावा. आणि क्रम बिनधुराकडून धुराकडेच ठेवावा, कारण बोल्ड आधी घेतली तर पुढचे दोन्ही पेले नाकाला पोरके होतात.

ब्रिलियन्सपासून सुरुवात करू. रंगाकडे पाहावं, पण त्यावरून मत बनवू नये. भट्टीतून निघालेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते. रंग लाकडाचा असतो, आणि स्कॉचच्या नियमांतही कॅरॅमलचा रंग घालायला मुभा आहे. पेला नाकाखाली आणताना तोंड किंचित उघडं ठेवावं, म्हणजे अल्कोहोलचा झणका कमी बसतो. पहिल्यांदा येतो तो मधाचा आणि व्हॅनिलाचा वास. हा पिंपाचा आवाज. बर्बनच्या कायद्यात आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे एकदा वापरलेली पिंपं पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाहीत आणि ती जगभर विकली जातात. जळताना ओकमधलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं; त्याच लाकडातली लॅक्टोनं ओल्या खोबऱ्याचा वास देतात. मिनिटभर थांबून पुन्हा हुंगलं की या गोडव्याखालून फळ वर येतं, पिकलेलं केळं, थोडं सफरचंद. ते लाकडाचं नव्हे, यीस्टचं देणं. आंबवण्याच्या टाकीत अल्कोहोलबरोबर जी एस्टर तयार होतात, त्यांतून हा फळांचा वास येतो.

पहिला घोट फक्त तोंडाला सवय करण्यासाठी. त्याच्यावर मत देऊ नये. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवावा. काकवीचा गोडवा, मग दालचिनी, मग हलका तिखटपणा, आणि सगळ्यांच्या तळाशी धान्याची जाड, तेलकट साय. या सायीचं बरंचसं श्रेय मी जवाला देतो. स्कॉटलंडमध्ये दोन ओळींच्या कणसाचा जव वापरतात, त्यात पिष्ट जास्त आणि म्हणून अल्कोहोलचा उतारा जास्त. इथला जव सहा ओळींचा. त्यात प्रथिनं आणि टरफल जास्त, उतारा कमी, पण अंग भरदार. ४६ टक्के तीव्रता आणि थंड करून न गाळणं याचाही त्यात वाटा आहे. तीव्रता बरीच खाली आणली तर हीच तेलं गारठ्यात पेला गढूळ करतात, म्हणून अनेक कारखानदार ती आधीच गाळून टाकतात. गिळल्यानंतर ब्रिलियन्स फार रेंगाळत नाही. कोकोचा किंचित कडवटपणा ठेवून निघून जाते. हा तिचा उणेपणा मानणारे आहेत. मला तो पहिल्या पेल्याचा गुण वाटतो, कारण पुढच्या पेल्यासाठी तोंड मोकळं राहतं.

आता एडिटेड. नावाप्रमाणे ही संपादित प्रत आहे: बिनधुराच्या दारूत धुरकट माल्टच्या दारूचा थोडा भाग मिसळलेला. धुराची मात्रा इतकी बेतानं आहे की पहिल्या हुंगण्यात तो धूर म्हणून ओळखूच येत नाही. आधी वाटतं, ब्रिलियन्सच आहे, पण कुणीतरी तिची साखर कमी केली आहे. मधाच्या जागी भाजलेल्या कॉफीचा वास, व्हॅनिलाच्या जागी सालीसकट भाजलेलं काहीतरी. पुन्हा ब्रिलियन्स हुंगून या पेल्याकडे परतलं की मग धूर स्पष्ट दिसतो, विझलेल्या चुलीजवळ उभं राहिल्यासारखा. नवशिक्यानं हे मागेपुढे जाणं चारपाचदा करावं. एकटी एडिटेड प्यायलेला माणूस 'कॉफीसारखी आहे' म्हणून थांबेल. शेजारी ब्रिलियन्स असलेला माणूस कॉफी आली कुठून याचा माग काढेल.

ती येते पीटमधून. दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा हा थर कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात. मोड आलेला जव वाळवताना भट्टीत पीट जाळलं की त्याच्या धुरातली फिनॉलं ओलसर टरफलाला चिकटतात आणि पुढे आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं हे सारं पार करून पेल्यापर्यंत टिकतात. म्हणजे व्हिस्कीतला धूर जळक्या पिंपाचा असतो, हा सार्वत्रिक समज चुकीचा. धूर दारू जन्मायच्या आधीचा असतो. पॉल जॉनसाठी पीट स्कॉटलंडहून आणलं जातं, त्यामुळे एडिटेडमध्ये गोव्याच्या उन्हात मुरलेला स्कॉटिश दलदलीचा धूर असतो. तिन्हींमध्ये मला हीच सर्वांत रचलेली वाटते. गोडवा सुरुवातीला, धूर मध्यावर, आणि शेवटी दोन्ही एकत्र, पुदिन्यासारखा गारवा मागे ठेवून. कुठलाच घटक दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही.

बोल्ड हा समतोल मुद्दाम मोडते. इथे सगळा माल्ट धुरकट. पेला नाकापासून वीतभर लांब असतानाच वास येतो, आणि तो नुसता चुलीचा नाही. दवाखान्यातल्या आयोडीनचा, जुन्या दोरखंडाचा, थोडा खारटही. अनेक नवशिके इथेच पेला खाली ठेवतात. त्यांनी ठेवावा, पण टाकू नये. चमच्यानं चार थेंब पाणी घालून दोन मिनिटं थांबावं. पाण्यानं व्हिस्की नासते असं मानणाऱ्या कट्टर मंडळींना हे मान्य होणार नाही. पण २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर या मिश्रणाचं अनुकरण करून पाहिलं. धुराच्या वासातला ग्वायाकॉल हा रेणू अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर आत दडतो, असं त्यांना आढळलं. पृष्ठभागावर जे येतं तेच नाकाला मिळतं. बोल्डमध्ये पाणी घातल्यावर माझ्या नाकाला धूर कमी होत नाही, उलट सुटा होतो: औषधी वास एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये इतका वेळ लपलेला ब्रिलियन्सचा मध. तो ओळखीचा मध सापडला की बोल्ड परकी राहत नाही. पहिला पेला ज्यानं लक्ष देऊन घेतला, त्यालाच तो सापडतो.

या तिन्ही बाटल्यांवर वयाचा आकडा नाही, आणि दुकानात नवशिका नेमका त्यावर अडतो. स्कॉचवर १२, १५, १८ असे आकडे पाहून त्याला वाटतं, वय लपवलं म्हणजे माल कच्चा. हिशेब करून पाहावा. पिंपातून दर वर्षी थोडी दारू लाकडावाटे उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के, गोव्याच्या उष्म्यात ८ टक्के आणि त्याहूनही जास्त. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं तर तिकडे सुमारे १५७ लिटर उरतील, इकडे ८ टक्क्यांनी जेमतेम ७४. उष्णतेत लाकडातले रस दारूत उतरण्याचा वेगही जास्त, त्यामुळे थोड्या वर्षांत रंग आणि अंग येतं. पण म्हणून गोव्यातलं एक वर्ष स्कॉटलंडच्या तीन वर्षांइतकं, हे सोयीस्कर गणितही मला पटत नाही. लाकूड लवकर बोलतं, हे खरं. पण दीर्घ, थंड मुरवणीत हळूहळू होणाऱ्या बदलांतून जो मऊपणा येतो, तो घाईनं मिळत नाही. पॉल जॉनच्या त्रयीत जोम आहे, भरदारपणा आहे. जुन्या स्कॉचचा निवांतपणा नाही. तो तिच्याकडे मागूही नये.

गोव्याला हा उद्योग नवा असला तरी भट्टी नवी नाही. काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून तिथे उर्राक निघतो आणि पुन्हा भट्टीत घातल्यावर फेणी. माल्ट व्हिस्कीतही तसंच: पहिल्या फेरीत हलकी दारू, दुसरीत खरी, आणि त्या दुसरीतही सुरुवातीचा व शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला घ्यायचा. फेणीला मात्र पिंपाचा आधार लागत नाही. फळाचा वास तिला पुरतो. ज्याला लाकूड व्हिस्कीला नेमकं काय देतं हे कळून घ्यायचं आहे, त्यानं एखाद्या संध्याकाळी ब्रिलियन्सशेजारी चांगली काजू फेणी ठेवावी.

त्रयीनंतर जोड्या लावत जावं, आणि प्रत्येक जोडीला एक प्रश्न असावा. बोल्डशेजारी आयला बेटावरची कूल ईला ठेवली तर धूर दोन्हीकडे, हवामान वेगळं. एडिटेडशेजारी बंगळुरूची अमृत फ्यूजन ठेवली तर दोन्हीकडे धूर मिसळलेला, पण फ्यूजनमध्ये तीन भाग भारतीय जव आणि एक भाग स्कॉटलंडचा धुरकट जव. फ्यूजन ५० टक्क्यांची आहे, म्हणून तिच्या १५ मिलीत सव्वा मिलीच्या आसपास पाणी घालून तिला आधी ४६ वर आणावं, नाहीतर तुलना चवींची न होता तीव्रतेची होईल. शेरीच्या पिंपांचा धडा या त्रयीत नाही; त्यासाठी वेगळी बाटली लागेल, आणि ती घेताना बाकीचं शक्य तेवढं सारखं असलेली जोडीदारीण शोधावी.

खर्चाचं काय, हा उरलेला प्रश्न. तीन बाटल्या एकट्याला जड जातात, आणि महाराष्ट्रात तर पंचविशीचं वय नि परवाना दोन्ही लागतात. म्हणून तिघांनी वर्गणी काढावी. चव तपासायलाही तीन नाकं बरी: एकाला जे केळं वाटतं ते दुसऱ्याला फणस वाटतं, आणि या भांडणातून दोघंही पुन्हा पेल्यात नाक घालतात. शेवटी बाटल्यांत बरंच उरेल. त्याची वाटणी किमतीनं नव्हे, आवडीनं करावी, आणि प्रत्येकानं आपली बाटली का निवडली ते दोन वाक्यांत सांगावं. त्या वाक्यांत 'स्मूथ' आला नाही, तर पुढच्या महिन्याची वर्गणी सार्थकी लागेल असं खुशाल समजावं.