हँडिकॅप शर्यतीतील विजेत्याची निवड : प्रचलित पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

घोड्यांच्या शर्यतीकडे मराठी समाज दोन टोकांवरून पाहत आला आहे. एका दृष्टीने 'रेसचा नाद' म्हणजे घर बुडविणारे व्यसन. दुसऱ्या दृष्टीने ती जाणकारांची कसोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात दुसऱ्या दृष्टीला कायद्याचे अधिष्ठान दिले. घोड्याचा वंश, त्याची पूर्वकामगिरी, जॉकीचे कौशल्य, पाठीवरील वजन आणि शर्यतीचे अंतर या बाबी अभ्यासाने जोखता येतात. म्हणून ही शर्यत केवळ दैवाचा नव्हे, तर प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. मात्र हे कौशल्य नेमके कोणते आणि ते वाढविता येते काय, या प्रश्नाची चर्चा फारशी झालेली नाही. हँडिकॅप शर्यतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण विजेता ओळखता येऊ नये हाच त्या शर्यतीच्या रचनेचा हेतू असतो. प्रस्तुत लेखात विजेता निवडण्याच्या तीन प्रमुख पद्धतींची चिकित्सा केली असून त्यांच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

हँडिकॅप : संकल्पना व कार्य

हँडिकॅप शर्यतीत अधिक कर्तबगार घोड्याच्या पाठीवर अधिक वजन दिले जाते. सर्व घोडे एकाच रेषेत यावेत, ही त्यामागील आदर्श कल्पना. इंग्लंडमध्ये ॲडमिरल हेन्री जॉन राऊस (१७९५-१८७७) यांनी या कामाला पद्धतशीर रूप दिले. १८५५ मध्ये ते अधिकृत हँडिकॅपर झाले. घोड्याच्या वयानुसार आणि शर्यतीच्या अंतरानुसार वजन ठरविणारी त्यांची श्रेणी पुढील सर्व व्यवस्थांचा पाया ठरली. आज ब्रिटनमध्ये घोड्याच्या गुणांकनातील एक गुण म्हणजे एक पौंड वजन. दोन घोड्यांमधील अंतर वजनात मोजण्याचा प्रघातही सर्वपरिचित आहे : पाच फर्लांगांच्या शर्यतीत एका लांबीला साधारण तीन पौंड, मैलाच्या शर्यतीत दोन पौंडांच्या आसपास, तर दोन मैलांच्या शर्यतीत सुमारे एक पौंड.

या रचनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सर्वांत चांगला घोडा कोणता, हा प्रश्न हँडिकॅपरने आधीच सोडविलेला असतो. त्याचे उत्तर वजनाच्या रूपाने रेसबुकात छापलेले असते. तेच उत्तर पुन्हा शोधणारा अभ्यासक नवे काहीच मिळवीत नाही. गुणांकन ठरल्यानंतर काय बदलले, हाच खरा अभ्यासविषय होय. वाढीच्या वयातील तीन वर्षांच्या घोड्याची झपाट्याने झालेली प्रगती, अंतरातील बदल, दुखापतीनंतरचे पुनरागमन, धावपट्टीची स्थिती, सुटण्याच्या वेळी मिळालेली जागा या बाबी गुणांकनात उशिरा उतरतात किंवा उतरतच नाहीत. शिवाय हँडिकॅपरला घोड्याने मैदानावर दाखविलेले तेवढेच दिसते. घोड्याची क्षमता झाकून ठेवण्यात मालक-ट्रेनरचा स्वार्थ असू शकतो आणि नियमांनी त्यास बंदी असली तरी ही शंका या व्यवस्थेच्या मुळाशी कायम राहते.

वेळमापनाची पद्धत

विजेता निवडण्याविषयीच्या लोकप्रिय ग्रंथांत अँड्र्यू बेयर या अमेरिकन पत्रकाराच्या 'पिकिंग विनर्स' (१९७५) या ग्रंथाचे स्थान मानाचे आहे. घोड्याने घेतलेल्या वेळेतून त्या दिवशीच्या धावपट्टीचा वेग वजा करून तुलनायोग्य आकडा काढणे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. ऐकीव 'टिप' आणि अंतःप्रेरणा यांच्या जागी मोजमाप आणणे हे या ग्रंथाचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि हँडिकॅप शर्यतीच्या संदर्भात त्याची एक मर्यादा सहज लक्षात येत नाही. अमेरिकेत 'हँडिकॅपिंग' हा शब्द प्रामुख्याने विजेता निवडण्याच्या क्रियेसाठी वापरला जातो. ब्रिटन व भारतात तो वजन ठरविण्याच्या क्रियेसाठी. शब्द एकच असल्यामुळे अमेरिकन सल्ला येथील शर्यतींना जसाच्या तसा लावला जातो. परंतु बेयर यांच्या आकड्यांत वजनाचा हिशेब धरलेला नसतो. वजन हाच जिचा कणा आहे त्या शर्यतीत ही उणीव किरकोळ नाही. याउलट १९४८ साली फिल बुल यांनी ब्रिटनमध्ये स्थापन केलेल्या टाइमफॉर्म संस्थेची गुणांकने वजन लक्षात घेऊन दिली जातात. हँडिकॅपच्या अभ्यासकाला ही परंपरा अधिक जवळची ठरते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. बेयर यांचे आकडे १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन रेसिंग वृत्तपत्रांतून सर्वांसाठी छापले जाऊ लागले. जे ज्ञान पूर्वी मोजक्यांजवळ होते ते सर्वांचे झाले, घोड्यांच्या भावात मुरले आणि त्याचा लाभ ओसरला. आकडा चुकीचा ठरला नाही. तो सर्वांना ठाऊक झाला, एवढेच. कोणत्याही प्रकाशित पद्धतीचे मूल्यमापन करताना हा अनुभव दृष्टीआड करता येत नाही.

संख्याशास्त्रीय पद्धत

रूथ बोल्टन व रँडल चॅपमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात २०० शर्यतींच्या आधारे एक प्रतिमान मांडले. अनेक घटकांचा एकत्रित विचार करून प्रत्येक घोड्याच्या विजयाची संभाव्यता काढणे, हे त्याचे वैशिष्ट्य. यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. 'कोण जिंकेल?' याऐवजी 'प्रत्येकाची शक्यता किती?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. येथे सावधगिरीचीही गरज असते. हँडिकॅपमध्ये जास्त वजन चांगल्याच घोड्यावर असते. त्यामुळे वजन हा घटक एकटा तपासला तर वजन वाढल्याने घोडा जिंकतो, असा उफराटा निष्कर्ष निघू शकतो.

हाँगकाँगमध्ये याच दिशेने प्रत्यक्ष काम करणाऱ्या बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपल्या अनुभवाचा अहवाल प्रसिद्ध केला. मर्यादित संख्येतील घोडे, दोनच मैदाने आणि बहुतांश शर्यती हँडिकॅपच्या, ही तेथील परिस्थिती अभ्यासाला अनुकूल होती. या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग यशाचा नसून कबुलीचा आहे. ज्या घोड्यांना प्रतिमानाने लोकांच्या अंदाजापेक्षा अधिक शक्यता दिली, ते घोडे प्रत्यक्षात प्रतिमानाच्या अपेक्षेपेक्षा कमी वेळा जिंकले. म्हणजे मतभेदाच्या जागी लोकांना असे काही ठाऊक होते, जे प्रतिमानात आलेले नव्हते. त्यामुळे बेंटर यांनी लोकांच्या भावातून व्यक्त होणारा अंदाज आपल्या गणितात समाविष्ट केला. जाणकाराने गर्दीला मूर्ख समजू नये, हा या अनुभवाचा धडा आहे.

भाव आणि मूल्य

तिसरी पद्धत घोड्यापेक्षा भावाकडे पाहते. आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकन शर्यतींच्या अभ्यासातून दाखविले की, लांब भावाच्या घोड्यांवर लोक प्रमाणाबाहेर पैसा लावतात आणि फेव्हरिट घोड्यांवर तुलनेने कमी. परंतु हाही नियम सार्वत्रिक नाही. बुश व हॉल यांना १९८८ च्या अभ्यासात हाँगकाँगमध्ये हा कल आढळला नाही. एका मैदानावरचे निरीक्षण दुसऱ्या मैदानावर सूत्र म्हणून वापरणे धोक्याचे आहे.

भाव आणि शक्यता यांचा संबंध एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घोड्याची शक्यता ३० टक्के व भाव दोनास एक आहे. शंभर रुपयांमागे सरासरी ९० रुपये परत येतील. म्हणजे वारंवार जिंकूनही तोटाच. दुसऱ्याची शक्यता १२ टक्के व भाव दहास एक आहे. तेथे सरासरी १३२ रुपये परत येतील. पहिला घोडा जिंकण्याची शक्यता अडीचपट असूनही निवड म्हणून दुसरा श्रेष्ठ ठरतो. 'विजेता ओळखणे' हे ध्येयच अपुरे कसे आहे, हे यावरून दिसते.

पडताळणीचा प्रश्न

या विषयावरील बहुतेक सल्लापर लेखन एका कसोटीवर उघडे पडते, ती म्हणजे नमुन्याचा आकार. २० टक्के शक्यतेच्या घोड्यांवर चारास एक या भावाने पन्नास पैजा लावल्या, तर अपेक्षित विजय दहा आणि नफा-तोटा शून्य. परंतु सात ते तेरा यांमधील कोणतीही संख्या केवळ योगायोगाने सहज येऊ शकते. तेरा विजयांना ३० टक्के नफा आणि सात विजयांना तेवढाच तोटा. पहिला मनुष्य पुस्तक लिहितो. दुसरा गप्प राहतो. यशोगाथांवर उभ्या राहिलेल्या या साहित्याची खरी दुर्बलता हीच आहे. शर्यतीपूर्वी अंदाज लिहून ठेवणे, लावलेल्या व न लावलेल्या दोन्ही निवडींची नोंद करणे आणि शेकडो शर्यतींनंतरच निष्कर्ष काढणे, याला पर्याय नाही. जे. एल. केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र रक्कम किती लावावी हे सांगते. पण मूळ अंदाजच फुगलेला असेल तर तेच सूत्र नाशाला वेग देते.

महाराष्ट्राचा संदर्भ

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरील हिवाळी हंगाम आणि पुण्याचा पावसाळी हंगाम यांमुळे येथील अभ्यासकाला एक विशेष अडचण येते. तोच घोडा पुण्याच्या ओल्या धावपट्टीवर आणि मुंबईच्या कोरड्या धावपट्टीवर सारखा धावेलच असे नाही. पेनेट्रोमीटरच्या नोंदी प्रसिद्ध होतात. परंतु पूर्वकामगिरी वाचताना त्यांची सांगड घातली जातेच असे नाही. हँडिकॅपरचे गुणांकन एकच असताना दोन मैदाने वेगळे प्रश्न विचारतात. गुणांकन आणि वास्तव यांतील फट शोधायची असेल तर ती येथे अधिक संभवते.

मात्र या फटीपेक्षा मोठी भिंत कराची आहे. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून २८ टक्के असलेला शर्यतींवरील पैजेचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर पैजेच्या संपूर्ण रकमेवर वरून द्यावा लागला, तर शंभराच्या पैजेस १४० रुपये मोजावे लागतात. चारास एक भावाच्या घोड्यावर करमुक्त स्थितीत २० टक्के शक्यता पुरेशी होती. आता निव्वळ बरोबरीसाठी २८ टक्के लागते. बेंटर यांच्यासारखा साधनसंपन्न अभ्यासकही लोकांच्या अंदाजाला थोड्याच फरकाने मागे टाकू शकला. एवढी दरी नियमितपणे ओलांडणे अभ्यासाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

निष्कर्ष

हँडिकॅप शर्यतीत निवड सुधारते ती तीन अंगांनी : हँडिकॅपरच्या उत्तराची पुनरुक्ती न करता गुणांकनानंतरचे बदल शोधणे, अंदाज शक्यतेच्या भाषेत मांडून भावाशी ताडणे आणि स्वतःच्या चुकांची दीर्घकालीन नोंद ठेवणे. बेयर, बोल्टन-चॅपमन आणि बेंटर यांचे लेखन या क्रमाने अधिक नम्र होत गेले आहे आणि ती नम्रताच त्याच्या प्रगतीची खूण आहे. शर्यतीत कौशल्य आहे, हे न्यायालयाचे मत या अभ्यासांशी सुसंगत ठरते. परंतु कौशल्य असणे आणि त्याचा मोबदला मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. कायद्याने ज्याला कौशल्य मानले, त्याला करव्यवस्थेने दैवाच्या खेळांच्याच पंक्तीत बसविले आहे. अशा स्थितीत अनेक शर्यतींत पैज न लावणे हाच अभ्यासाचा सर्वांत प्रामाणिक निष्कर्ष ठरतो आणि जो सल्ला हे सांगत नाही, तो कितीही आकडेमोड करीत असला तरी अपूर्णच समजला पाहिजे.